भाड्याच्या तट्टाची बाजू

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची आठवी-नववीची सहल माथेरानला गेली होती. दस्तुरी नाक्यावर बस थांबली, कारण तिथून पुढे गाड्या जात नाहीत. पोरं उड्या मारत चालू लागली. माझा उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता. सोबतचे सर म्हणाले, "तुम्ही घोडा करा, उगाच त्रास नको." मी केला. तिथल्या स्टँडवरच्या एका वयस्क घोडेवाल्याने तपकिरी रंगाचं एक बुटकं तट्टू पुढे आणलं. पोरं त्या घोडेवाल्याला लगेच 'चाचा' म्हणू लागली होती, म्हणून मीही चाचाच म्हणतो. माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी रिकिबीत पाय घातला, तट्टाने कान मागे केले, पाठ थोडी खाली घेतली आणि चालू लागलं.

माझं वजन ८६ किलो आहे. हे मी लपवत नाही, आता तर अजिबात नाही.

चढावर दोनदा ते थांबलं. चाचांनी लगाम ओढला नाही, नुसते उभे राहिले. दुसऱ्यांदा मी विचारलं, "थकलं का?" ते म्हणाले, "नाही सर, श्वास घेतंय." मी वर बसून राहिलो. खाली उतरावं हे मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. पण मागून विद्यार्थी येत होते, आणि सर घोड्यावरून उतरून चालतायत हे दिसायला बरं दिसणार नाही, असं वाटलं. अगदी खरं कारण सांगायचं तर हेच. बाजारपेठेपाशी उतरलो, चाचांनी खोगीर सैल केलं, तेव्हा तट्टाच्या पाठीवर खोगिराच्या दोन्ही बाजूंना घामाचे काळे पट्टे होते आणि मध्ये एका जागी केस उडालेले.

मला हे जास्त लागलं, कारण मी नालबंदाचा नातू आहे. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही दादामियाँ म्हणायचो, दौंडकडे घोड्यांना नाल मारायचे. माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे. दादामियाँ घोड्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे, जुना नाल काढायचे, तो उजेडात धरून कुठे झिजलाय ते पाहायचे आणि मग मालकाला सांगायचे की घोडा डाव्या खांद्यात दुखतोय, किंवा तुम्ही माल एका अंगाला भरताय. घोडा विकत घेणारे सल्ला विचारायला आले की त्यांचं एकच बोलणं असायचं: आधी टाप बघ, तोंड नंतर. घेणारे मात्र तोंडच बघायचे. तोंड, रंग आणि भोवरे. गळ्याखाली देवमण आहे म्हटल्यावर किंमत वाढायची, मग खुराला चीर का असेना.

तर चांगला घोडा कोणता, हा प्रश्न मला घरातून मिळालेला आहे. आणि हल्ली डोंगरवाटांवर घोडेस्वारी करायची हौस वाढली आहे, शहरांभोवती रायडिंग क्लब निघाले आहेत, म्हणून तो प्रश्न पुन्हा विचारावा असं वाटतं. आपण या प्रश्नाचं उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधतो, असं माझं मत आहे.

दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. वर्तमानपत्रात फोटो येतो तो कायम एकाच प्रकारच्या घोड्याचा. उंच, चकचकीत, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, मारवाडी नाहीतर काठियावाडी. खाली लाखांच्या, कधी कोटीच्या बोलीची बातमी. मारवाडी घोडा खरोखरच देखणा असतो, त्यात वाद नाही. राजस्थानात वाळूतून आणि कडक माळावरून लांबच्या सफरी याच घोड्यांवर होतात, आणि परदेशी लोक मुद्दाम त्यासाठी येतात. लांब पाय, उन्हाला टिकणारी कातडी, आणि काहींच्या अंगात असलेली ती रेवाल चाल, जिच्यात स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नाही म्हणतात. पण तो घोडा त्या मुलखासाठी घडला. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आहे, जांभ्याची लाल पायवाट आहे, झाडांची उघडी मुळं आहेत, आणि एका बाजूला दरी. तिथे लांब पायाचा, तापट, लग्नात नाचायला शिकवलेला घोडा नेऊन उभा केला तर दोष घोड्याचा नाही.

डोंगरवाटेला लागतं ते वेगळंच. उंची कमी, म्हणजे तोल जमिनीजवळ. पाठ आखूड आणि कंबर भरलेली. नळीचं हाड जाड. खूर लहान, गोल, टणक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डोकं थंड हवं. झुडपातून माकड उडी मारून आलं तर घोडा थबकला पाहिजे, उधळता कामा नये. चौखूर धावणं वाटेवर उपयोगाचं नाही, दुडकी चालही थोडीच. तिथे दिवसभर टिकणारा लांब, सावध कदम हवा. हिमाचलातल्या स्पिती जातीच्या तट्टात हे सगळं आहे. लडाखच्या झंस्कारीत आहे, शिवाय विरळ हवेत ओझं वाहायची ताकद. आणि आपल्याकडे भीमथडीत आहे.

भीमथडी म्हटलं की पुण्यात आता जत्रा आठवते, खाद्यपदार्थांचे स्टॉल आठवतात. पण भीमथडी म्हणजे भीमेच्या थडीचा मुलूख, आमचा दौंड-बारामतीकडचा, आणि तिथलं तट्टू. ते आपल्या राज्यगीतात आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते गीत राज्यगीत म्हणून वाजतं, आमच्या शाळेतही आम्ही म्हणतो. मी एकदा वर्गात विचारलं, या गाण्यातलं तट्टू म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, "सर, ते भाड्याने आणलेले गुंड असतात ना, भाडोत्री तट्टू." त्याची चूक नाही. मराठीने तट्टाला शिवी करून ठेवलंय. ज्याच्या पाठीवर आपला इतिहास चालला, त्याचं नाव आपण विकल्या जाणाऱ्या माणसाला दिलं.

या तट्टाचा वंश शुद्ध वगैरे नाही, आणि मला तेच आवडतं. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत शेकडो वर्षं अरबस्तानातून आणि इराणातून घोडे उतरत होते. दख्खनच्या सुलतानांच्या पागा त्यांवर भरत. त्यांचं रक्त इथल्या छोट्या, काटक तट्टांत मिसळलं. मलिक अंबरने याच मुलखातल्या हलक्या घोडदळाच्या जोरावर मुघलांना दमवलं, पुढे मराठ्यांनी तीच रीत कुठल्या कुठे नेली. भरपूर दाणा लागणारा मोठा घोडा घेऊन डोंगरात लढता येत नाही. ज्वारीच्या कडब्यावर आणि वाटेतल्या गवतावर भागवणारं जनावर घेऊनच ते जमतं.

त्या व्यवहाराच्या खुणा भाषेत राहिल्या आहेत. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि दोन्ही तासांना मला हे उदाहरण पुरतं. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, तोबरा हे फारसीतून आले. रिकीब, नाल, अबलख हे अरबी मुळाचे. बारगीर, शिलेदार, पागा यांचं कूळही तिकडचंच. घोड्यावर बसलेल्या मराठी माणसाच्या अंगाखालचं जवळजवळ प्रत्येक सामान आमच्या उर्दूच्या शब्दकोशात सापडतं. खुद्द 'घोडा' मात्र इथला, संस्कृतातून आलेला. (खोगीरभरती हा शब्द मुलांना समजावताना मी नेहमी आधी खोगिरात काय काय कोंबतात ते सांगतो, मग परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवतो.) मोहरमला आमच्याकडे नालसाहेब उठायचे, तेव्हा दादामियाँ त्या दिवसापुरते गावात मोठे माणूस असत. गर्दी पांगली की परत त्यांच्या हातात कानस आणि हातोडा.

कर्नालला केंद्र सरकारची पशू आनुवंशिक संसाधनांची संस्था आहे. तिने अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदलं. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झंस्कारी, मणिपुरी, भुतिया या सात जातींच्या जोडीला ही आठवी. आनंद झाला. पण ही तट्टं टिकवली कोणी? धनगरांनी. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडे नाहीतर इतर मुलखात निघायचं, तेव्हा तट्टाच्या पाठीवर बिऱ्हाड चढतं. भांडी, वाकळ, कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू, कधी लहान मूल. घाट चढायचा, ओढा ओलांडायचा, रात्री शेताच्या कडेला उभं राहायचं. वाटेवरच्या घोड्याची याहून कडक परीक्षा कुठल्या क्लबात होत असेल, असं मला वाटत नाही. शेकडो वर्षं ज्यांनी ही परीक्षा घेतली त्यांना त्या नोंदीचा काय फायदा झाला, हे मात्र कोणी विचारत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग झालं तर, डोंगरात भीमथडी वापरा. इथेच घोडं पेंड खातं.

कारण मी ज्याच्यावर बसलो होतो ते तशाच बांध्याचं तट्टू होतं. वाट त्याला माहीत होती, पाय एकदाही घसरला नाही. चुकीचं होतं ते वरचं ओझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना शोधत स्टँडवर गेलो. सोबत नववीची चार मुलं आणि सहलीच्या प्रथमोपचार पेटीतली मोजपट्टी. घोड्याचं वजन काट्याशिवाय काढायची एक रीत आहे, पशुवैद्यक वापरतात ती. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि सुमारे ११,८८० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. चाचांना गंमत वाटली, त्यांनी तट्टू धरून ठेवलं. घेर १४५, लांबी १४०. मुलांनी वहीवर गुणाकार केला. उत्तर आलं २४८ किलो.

जगभर घोडेस्वारीत एक साधारण नियम पाळतात की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये आठ घोड्यांवर हे तपासलं होतं. १५ आणि २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही, २५ आणि ३० टक्क्यांवर स्नायू दुखावल्याच्या खुणा वाढल्या. ही काही दगडावरची रेघ नव्हे. आइसलँडचा घोडा उंचीने आपल्या तट्टाहून थोडाच मोठा, पण भरीव हाडाचा आणि आखूड पाठीचा, तो मोठ्या माणसालाही घेऊन जातो. (तिथले लोक त्याला 'पोनी' म्हटलेलं खपवून घेत नाहीत, घोडाच म्हणायचं. आणि एकदा देशाबाहेर गेलेला घोडा परत आत येऊ देत नाहीत. आपण आपल्या तट्टाचं काय केलं ते वर सांगितलंच.) पण तिथला घोडा गवतावर भरलेला असतो. आपल्याकडचं भाड्याचं जनावर बऱ्याचदा बरगड्या मोजता येतील असं असतं, आणि चढावर तर मर्यादा आणखी खाली यायला हवी.

२४८ चे २० टक्के म्हणजे जेमतेम ५० किलो. माझे ८६, खोगिराचे आठ धरले तर ९४. वाफाळत्या चहाच्या टपरीसमोर, चार मुलांसमक्ष, हिशेब निघाला ३८ टक्के. एका मुलीने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, वर्गात शिकवलंय तसं.

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "सर, मला काल तुम्हाला बघूनच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पुढच्याचा घोडा केला असता. त्याचंही एवढंच आहे."

यावर मला उत्तर देता आलं नाही. मग ते बरंच बोलले. गिऱ्हाइकाला आता मोठा घोडा हवा असतो, फोटोसाठी. म्हणून त्यांच्या भावाने कर्ज काढून एक उंच घोडा आणला. दिसायला राजबिंडा. पेव्हर ब्लॉक घातलेल्या उतारावर पहिल्याच पावसात घसरला, गुडघा फुटला. तीन महिने दाणापाणी घरातून, कमाई शून्य. शेवटी विकला. कोणाला, विचारलं. "वीटभट्टीवाल्याला," एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. मोठा घोडा जास्त वजन घेतो हे खरं, पण त्याला ही वाट पेलत नाही. छोट्याला वाट पेलते, पण आम्ही पेलवत नाही.

म्हणून मला वाटतं, वाटेसाठी योग्य जात कोणती हा प्रश्न आपण घोड्यापाशी संपवतो हीच गफलत आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग आपण आहोत. ग्रीसमध्ये सँटोरिनी बेटावर पर्यटक गाढवांवर बसून उंच पायऱ्या चढत. फार ओरड झाल्यावर २०१८ मध्ये तिथल्या सरकारने सांगितलं की १०० किलोहून जास्त, किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त ओझं लादायचं नाही. आपल्या डोंगरावरच्या स्टँडवर दरपत्रक लावलेलं असतं, कुठल्या पॉइंटला किती रुपये. वजनकाटा मला दिसला नाही. तो लावायला हवा, नगरपालिकेने, आणि नियम सगळ्या घोडेवाल्यांना एकसारखा हवा. एकट्या चाचांनी नाही म्हटलं तर त्यांचं पोट मारलं जातं. सगळ्यांना नाही म्हणावं लागलं तर गिऱ्हाईक जाईल कुठे? चालेल. किंवा ई-रिक्षात बसेल.

ई-रिक्षाचं नाव काढलं की तिथले घोडेवाले चिडतात, हे मला माहीत आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढायचं थांबवलं, फार उशिरा पण योग्य केलं. आता काही मित्र म्हणतात, त्याच न्यायाने घोडेही बंद करा. मला हे पटत नाही. ओझं मापात असेल, पाठ बरी असेल, पोट भरलेलं असेल तर वाटेवर चालणं घोड्याला शिक्षा नाही. आणि बंद केल्यावर ती जनावरं कुठे जातात, ते चाचांनी एका शब्दात सांगितलंय. केदारनाथच्या वाटेवर २०२२ च्या यात्रेत शंभराहून जास्त घोडे-खेचरं मेली. तिथेही रोग एका जातीत नव्हता, वरच्या ओझ्यात आणि न मिळणाऱ्या विश्रांतीत होता. आजारी, म्हातारे, माझ्यासारखे भरलेले लोक स्टेशनपासून बाजारापर्यंत ई-रिक्षाने जावेत. पॉइंटांकडच्या मातीच्या वाटा, जिथे चाक जाऊ नये, त्या घोड्यांना राहू द्याव्यात, आणि त्या वाटांवर सिमेंटी ठोकळे घालू नयेत. एवढी वाटणी अवघड नाही.

आणि जात नोंदली आहे तर तिचं पुढे काहीतरी व्हावं. आज धनगराकडची घोडी कुठल्याही घोड्याकडून फळवली जाते, कारण चांगला भीमथडी वळू जवळपास मिळेल याची खात्री नाही. पशुसंवर्धन खात्याने गायी-म्हशींसाठी जे केलं त्याच्या एक शतांशही याला लागणार नाही. चांगले निवडलेले वळू, त्यांची नोंद, आणि डोंगरावरच्या घोडेवाल्याला ते तट्टू घेण्यासाठी कर्ज. एका बाजूला विकत घेणारा उभा राहिला तर दुसऱ्या बाजूला पाळणारा टिकतो. नाहीतर राज्यगीतात तट्टू राहील आणि थडीवर राहणार नाही.

काही वाचक विचारतील, मुसलमान लेखकाने यात दीन कुठे आणला नाही. खरं तर आणायची गरज वाटली नव्हती. सूरह अल-आदियात आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असते, धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने ती सुरू होते. त्या धापेकडे मी नमाजीत शेकडो वेळा नुसता उच्चार म्हणून पाहिलं होतं. आणि जनावरांच्या पाठीचं आसन करून त्यावर ठाण मांडून बसू नका, अशा अर्थाची हदीसही मला ठाऊक होती. चढावर तट्टू श्वास घ्यायला थांबलं होतं, तेव्हा मी वर ठाण मांडूनच बसलो होतो.

परतीच्या दिवशी दस्तुरीपर्यंत मी चालत आलो. चाचांना म्हटलं, तट्टावर पोरांच्या सॅक टाका, भाडं पूर्ण घ्या. त्यांनी सॅक मोजून घेतल्या, दोन्ही अंगांना सारख्या बांधल्या, हाताने उचलून पाहिल्या. मग एक सॅक काढून माझ्या हातात दिली. "ही जड आहे, सर. कोणाची आहे?"

माझीच होती.